शेवटचा नट

“सूनबाई, जरा लांब उभी ऱ्हा, हणमंता उडी मारतोय,” मामंजी म्हणाले.

मी चहाचं ताट घेऊन मागं सरकले. थोरल्या भावजींनी विजार वर खोचली, जीपच्या मागच्या चाकाला लावलेल्या पान्यावर पाय ठेवला, टपाचा गज धरला आणि तालमीत कमावलेला आपला सगळा देह उचलून पान्याच्या दांड्यावर सोडून दिला. जीप कचकन हलली. आत ठेवलेले लाडवांचे डबे एकमेकांवर आपटले.

“आवळला!” भावजी म्हणाले.

“आता दिनकर,” मामंजी म्हणाले.

आमच्या सासरी, शिरटेवाडीच्या पानस्करांच्या घरात, गाडी लांब कुठं निघाली की हा प्रकार व्हायचाच. त्याला ‘आवळणी’ म्हणत. कधीतरी घाटात कुणाच्या तरी गाडीचं चाक निखळलं होतं आणि ते एकटंच उतार धरून पुढं जाऊन चहाच्या हॉटेलात शिरलं होतं म्हणे. त्याचा पानस्करांनी जो धसका घेतला तो घेतलाच. पहिला पाय मामंजींचा. मग थोरले हणमंतभावजी, मग दिनकरभावजी, मग उत्तमभावजी, आणि शेवटी आमचे हे, सर्जेराव. प्रत्येकानं प्रत्येक नटावर उडी मारायची. धाकट्यानं आवळलेलं थोरल्याला पटायचं नाही आणि थोरल्यानं आवळलेलं मधल्याला, म्हणून सगळ्यांचं झालं की पुन्हा एकेक उडी ‘खात्रीची’. बायका ओसरीवरून बघायच्या, शेजारपाजारचेही जमायचे. वाडीत दुसरी करमणूक होती कुठं?

मी मात्र त्या सकाळी आतून गार पडले होते. पंक्चर काढून आणलेलं चाक बसवायच्या आधी चहाला किती जण आहेत ते बघायला मी अंगणात आले होते, आणि उघड्या हबवरचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीवरचे, बोल्ट माझ्या नजरेला पडले होते.

मी कराडच्या गॅरेजवाल्या अण्णा डुबलांची लेक. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून अण्णांच्या हातात पाने देत मोठी झालेली. चाकाचा धडका बोल्ट कसा दिसतो आणि मेलेला कसा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या पाचातल्या एकाचेही आटे जागेवर नव्हते. कुणाचे चपटे झालेले, कुणाचे सोललेले, आणि दोन बोल्ट तर शेवयाची दोरी ताणावी तसे मधेच बारीक होऊन गेले होते. नटांचे कोपरे झिजून गोल झालेले, पाना त्यांना कसाबसा धरत होता. लोखंड झालं म्हणून काय झालं, सोसायला काही हद्द असते का नाही? लग्न होऊन याच जीपमधून सासरी येताना मागनं टकटक ऐकू येत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, आपलंच काळीज वाजतंय.

आणि निघायचं होतं कुठं, तर माझ्याच माहेरी. उद्या माझ्या एकुलत्या एक भावाचं, जालिंदरचं लग्न. आज संध्याकाळी हळद, आणि करवली मी. लग्न झाल्यापासून माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. मी रात्री डोळा लावला नव्हता आणि पहाटेच हिरवी साडी नेसून तयार झाले होते. आता बोल्ट गेलेत म्हणून सांगावं, तर जाणं रद्द. न सांगावं, तर घाटात चाक पुढं आणि आम्ही मागं.

मी ह्यांना गोठ्याआड गाठलं.

“अहो, त्या चाकाचे बोल्ट गेलेत. असे निघालो तर धडगत नाही.”

“मग आबांना सांग की.”

“मी?”

“मग काय मी? मागं दिनकरदादा एकदाच म्हणाला, आबा, एवढं आवळू ने. तर आबा दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलले न्हाईत,” हे म्हणाले आणि नवऱ्याचं कर्तव्य झाल्यासारखे निघून गेले.

माझ्या आईनं तर पाठवणीच्या वेळीच कानात सांगितलं होतं, “सासरी पान्याला हात लावशील तर बघ. लोक म्हणतील, पोरगी गॅरेजातनं उचलून आणलीया.” त्यामुळं माझंही तोंड शिवलेलं. शेवटी मी स्वयंपाकघरात गेले आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळं सांगून टाकलं.

आत्याबाई वाटेसाठी दशम्या बांधत होत्या. त्यांनी फडक्याची गाठ मारली आणि मगच मान वर केली.

“तुझं खरं असंल. पण ह्या घरातल्या बाप्यांना त्यांची चूक तोंडानं सांगून भागत न्हाई, बाई. ती त्यांच्या पायाखालीच मोडावी लागती.” मग चहा गाळत त्या पुढं म्हणाल्या, “जा, चहा ने. आन् हणमंताला जरा चढव.”

म्हणून मी ताट घेऊन तिथं उभी होते. सगळ्यांच्या उड्या झाल्या, चहा झाला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“थोरले भावजी, आमचे अण्णा म्हणतात, पैलवान माणसाचा पाय लागला की चाक हलायचं नाव काढत न्हाई. तुमची खात्रीची राहिलीच की.”

अण्णांनी असं जन्मात म्हटलं नव्हतं. पान्यावर उडी मारणाऱ्याला अण्णांनी तोच पाना फेकून मारला असता. पण हणमंतभावजींची छाती दोन बोटं पुढं आली. त्यांनी कप खाली ठेवला, मिशीवर हात फिरवला, आणि या वेळी जमिनीपासूनच झेप घेतली.

कड्!

पाना गरकन फिरला, भावजी हवेत गेले आणि म्हशीच्या आंबोणाच्या पाटीत जाऊन बसले. नटासकट बोल्टाचा अर्धा तुकडा टणटणत तुळशीपाशी गेला.

“कुणी मोडला?” मामंजी गरजले.

“माझ्या आधी दिनकर होता,” भावजी पाटीतूनच म्हणाले. “त्यानं वाकडं आवळलं असणार.”

“वाकडं? मी?” दिनकरभावजींना तेवढंच पुरलं. “हा बघा माझा नट. हत्ती नाचवा ह्याच्यावर!”

त्यांनी शेजारच्या नटाला पाना लावून उडी मारली. कड्! दुसरा गेला.

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. उत्तमभावजी घरातले शहाणे. ते म्हणाले, “तुम्ही अंगानं आवळता, अकलेनं न्हाई.” असं म्हणून त्यांनी तिसऱ्या नटावर नुसता पाय टेकवला. हा मोडला नाही. हा आपला लोण्यात फिरावा तसा फिरतच राहिला. आटेच नव्हते, धरणार कशाला? आमच्या ह्यांनी पुढं टाकलेलं पाऊल हळूच मागं घेतलं आणि लाडवांचे डबे नीट लावायला लागले.

मामंजींनी मोडका तुकडा उचलून तळहातावर घेतला.

“जाणं रद्द,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं, बोल्ट मोडले की डोळे उघडतील. हे डोळे मिटूनच मोकळे झाले. मला रडू फुटलं. चारचौघांत रडू नये, नव्या सुनेनं तर नाहीच, पण मला हुंदका आवरेना. तिकडं जालिंदर पाटावर बसणार आणि त्याला हळद लावायला बहीण नाही!

“येस्टीनं जाऊ दे की तिला,” उत्तमभावजी म्हणाले.

“पानस्करांची सून पहिल्यांदा माहेरी जाती, आन् येस्टीत उभी राहून?” मामंजींनी एवढंच विचारलं.

मग मी डोळे पुसले. आईला मनातल्या मनात म्हटलं, माफ कर.

“मामंजी, बोल्ट बदलता येतात.”

“कुणाला?”

“मला.”

अंगणात कुणी हललं नाही. म्हैस तेवढी भावजींनी सांडलेलं आंबोण खात होती. ओसरीवरनं आत्याबाईंचा आवाज आला, “सोयरीक ठरवताना तुमीच म्हणाला हुता न्हवं, गॅरेजवाल्याची पोरगी आणली की गाडीची काळजी मिटंल?”

“आगं, मी गमतीनं म्हणालो हुतो.”

“मग आता खरं करा.”

मामंजींनी माझ्याकडं बघितलं, पाटीतल्या भावजींकडं बघितलं, आणि डोक्यावरची टोपी सरळ केली. “दिनकर, फटफटी काढ. ती सांगंल ते पाटणहून आण,” ते म्हणाले.

मी मोडका तुकडा नमुन्याला दिला. “चारही चाकांचे आणा भावजी. नटसुद्धा नवे.”

“बाकीची चाकं ठणठणीत हायती.”

“त्यांच्यावरपण आवळणी झालीय की,” मी खाली मान घालून म्हटलं. दिनकरभावजींनी फटफटीला किक मारली.

पुढचं काय सांगू! मी साडीचा पदर खोचला आणि जीपखाली दगड लावायला सांगितले. ह्यांनी जॅक लावला. आता मला वाटलं होतं, दीर लोक तोंड फिरवतील, पण तसं काही झालं नाही. पुरुषाला हातोडा दिला की त्याचा राग कुठल्या कुठं जातो. ड्रम काढून मी जुन्या बोल्टाचं तोंड दाखवायचं आणि हणमंतभावजींनी ठोका घालायचा. बोल्ट सुटून मागं पडला की ते असे खूश व्हायचे, जणू कुस्ती मारली. दिनकरभावजी माल घेऊन आले, मग नवा बोल्ट मागनं घालायचा, पुढनं वायसर टाकून जुना नट उलटा लावायचा आणि सावकाश ओढत ओढत तो हबात बसवायचा. माझ्या हिरव्या चुड्याचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जात होता. ओसरीवरच्या बायका आता हसत नव्हत्या, मला नाव घ्यायला सांगत होत्या. ग्रीसनं माखलेल्या हातांनी मी नावही घेतलं.

उन्हं कलायच्या आत तीन चाकं बसली. चौथं, ते सकाळचं, मी आवळणीसाठी राखून ठेवलं. घरची रीत अशी एकदम मोडून चालत नाही, एवढी अक्कल मला होती.

“नट पाच आणि तुम्ही पाच,” मी म्हटलं. “एकेकानं एकेकच नट घ्यायचा. पण हातानं. पाय लावायचा नाही, उडी तर नाहीच. हातानं आवळून पुरतं.”

“पहिला आबांचा,” हणमंतभावजी म्हणाले, “आन् त्याच्या शेजारचा माझा.”

“शेजारचा नाही भावजी. एक सोडून पुढचा. ओळीनं आवळत गेलं की चाक एका बाजूला कलतं. समोरासमोर आवळलं की सपाट बसतं.”

“म्हणजे आबांच्या शेजारी मी न्हाई? मग कोण?”

“उत्तमभावजी.”

“त्यो? माझ्या आधी?”

झालं! मोडके बोल्ट काढण्यात गेला नव्हता एवढा वेळ त्या मानापानात गेला. शेवटी मी सांगितलं, पाळी थोरल्या-धाकट्याचीच राहील, फक्त बसायची जागा बदलेल. आधी मामंजी, मग थोरले, मग दिनकरभावजी, सगळं मानानं. हे त्यांना पटलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं एवढी ऐकत नाहीत.

“घ्या आबा,” म्हणून हणमंतभावजींनी पाना पुढं केला.

मामंजी जागचे हलले नाहीत. “आज तुम्ही घ्या आधी. मी शेवटी बघतो.”

चौघे एकमेकांकडं बघायला लागले. पहिला मान सोडणारा माणूस नव्हता तो. पण आबा म्हणाले म्हणजे म्हणाले. चौघांनी आपापला नट आवळला, हातानं, ओठ आवळून. मग पाना मामंजींकडं गेला.

ते चाकापाशी वाकले. पाना नटावर बसवला. उजव्या हातानं दांडा धरला, आणि तो हातातून सुटून दगडावर पडला.

“तेल लागलंय,” मामंजी म्हणाले.

पाना मी आत्ताच राखेनं पुसला होता. तेलाचा थेंब नव्हता. मामंजींनी तो उचलला, पुन्हा धरला. या वेळी मी त्यांच्या हाताकडं बघितलं. बोटं दांड्याभोवती गेली, पण मिटेनात. आणि मग मला एकेक आठवत गेलं. रोज चहा देताना मामंजी कप घेत नसत, बशी घेत, तीही दोन्ही हातांनी. भाकरी कुस्करून मागत. सुपारी फोडायला आत्याबाईंकडं देत. मी समजत होते, सासऱ्याचा थाट. अगं बाई गं! म्हणजे नटावर पहिला पाय यांनी ठेवला तो ताकद दाखवायला नव्हे. हात चालेना म्हणून. आणि पोरांनी बापाचं बघून उड्या मारायला सुरुवात केली.

आणि मी शहाणी, भर अंगणात सांगून बसले होते, हातानं आवळा, पाय लावायचा नाही.

“आबा, ठेवा की पाय. एकदा चालतंय,” हणमंतभावजी म्हणाले. त्या भल्या माणसाच्या मनात काही नव्हतं. पण मामंजींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. एवढा करारी माणूस, वाडीत ज्याच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही, तो माझ्याकडं परवानगी मागितल्यासारखा बघत होता. ओसरीवर आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या.

“अगंबाई!” मी कपाळावर हात मारला, ग्रीस कपाळाला लागलं. “मी विसरलेच की! मामंजी, थांबा. शेवटचा नट तुम्ही आवळायचा नाही.”

“का?”

“आमच्या माहेरी रीत आहे. सासुरवाशीण पहिल्यांदा माहेरी निघाली की शेवटचा नट तिनं आवळायचा. आणि... आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं. त्याशिवाय गाडी हलवत नाहीत.”

हे सगळं माझ्या तोंडून आपोआप येत होतं. मामंजींनी पाना नटावरून काढला. मग उठले.

“असं व्हय? मग आधी सांगायचं न्हाईस? उगं अपशकून झाला असता,” ते म्हणाले, आणि पाना माझ्याकडं दिला.

मी चाकापाशी उकिडवी बसले. खांद्यावर हात आला. मी नट आवळला, थोडा, अजून थोडा, अण्णांनी शिकवल्यासारखा, मनगटाला कळेल एवढाच. मी उठायची घाई केली नाही. आत्याबाई आत गेल्या आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. त्यांचे डोळे पाणावलेले होते, पण आवाज खणखणीत होता, “आता निघताय का उद्याच्या वरातीला पोचताय?”

घाटभर मागनं टकटक आली नाही. मी कान लावून बसले होते. हणमंतभावजी वाटेत दोनदा म्हणाले, “गाडी लोण्यावानी चाललीया. ठोके मी घातलेत.”

कराडला पोचलो तेव्हा मांडवात दिवे लागले होते आणि जालिंदर करवलीची वाट बघत पाटावर ताटकळला होता. मी उतरले तशी आईनं माझी नखं बघितली. नखं काळी, कपाळ काळं. तिनं तोंडाला पदर लावला. आता इथंच माझी शोभा करणार, असं मला वाटलं, तेवढ्यात मामंजी अण्णांपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाले,

“सोयरे, तुमच्याकडची ती शेवटच्या नटाची रीत आपल्याला लई आवडली बरं का.”

अण्णांनी जन्मभर गॅरेज चालवलं होतं. असली रीत त्यांच्या स्वप्नातही आली नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अण्णांकडं बघितलं. इतक्या काकुळतीनं मी माझ्या लग्नातही त्यांच्याकडं बघितलं नव्हतं.

“व्हय व्हय,” अण्णा घसा खाकरत म्हणाले. “पूर्वापार चालत आलीया. माझ्या आज्यापासनं.”

मामंजींनी गंभीरपणे मान डोलावली. मग मांडवाकडं जाता जाता माझ्या शेजारी आले आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाले,

“तुझ्या पणज्याकडं बैलगाडी हुती, पोरी. बोलणी चालली तवा सांगितलं हुतं तुझ्या बापानं. तिच्या चाकाला नट कसला आला?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“पर रीत चांगली हाय,” ते म्हणाले. “मोडायची न्हाई.”

मोडली नाही. पहिल्यांदा माहेरी जायचं कलम आपोआप गळून पडलं. गाडी कुठंही निघो, चौघे भाऊ आपापला नट आवळायचे, आणि शेवटचा माझा, खांद्यावर मामंजींचा हात. वर्षागणिक तो हात हलका होत गेला. शेवटच्या खेपेला तर ठेवलाय का नाही तेही कळेना. नट केव्हाच आवळून झाला होता, तरी मी तशीच बसून राहिले.

आता जीप नाही, दुसरी गाडी आहे. माझे गुडघे गेलेत, उकिडवं बसवत नाही. शेवटचा नट धाकटी सून आवळते आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहते. परवा तिनं विचारलं, “आई, ही रीत नेमकी कुठली हो?”

“माझ्या माहेरची,” मी म्हटलं. “पूर्वापार आहे. माझ्या पणज्यापासनं.”